पाचवे कारण

ज्येष्ठ महिना लागला की माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रश्नांची जात बदलते. दवाखाना हडपसरला आहे. पुण्याहून निघालेल्या ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांच्या वाटा येथेच वेगळ्या होतात. एक दिवेघाटाकडे वळते, दुसरी लोणी काळभोरकडे जाते. त्यामुळे वर्षभर गुडघे आणि कफ यांविषयी बोलणारी मंडळी या दिवसांत विचारतात, की यंदा चालवेल का, वाटेत साखरेच्या गोळ्या कशा घ्यायच्या, एकादशीला इन्सुलिन टोचायचे की नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी ७४ वर्षांचे एक काका पत्नीसह आले. पायी वारी अनेकदा केलेले, घरी नित्य हरिपाठ. रक्तदाब मोजला तो १८६/१०२ भरला. पुन्हा मोजला, फारसा फरक नाही.

"काका, गोळ्या चालू आहेत ना?"

"बंद केल्या. दीड महिना झाला."

"का बरे?"

"डॉक्टरबाई, आता सगळे पांडुरंगावर सोडले आहे. किती दिवस गोळ्या मोजत बसायचे? त्याची इच्छा असेल तसे होईल."

मी रागावले. आज त्याची लाज वाटते. पण रागावले हे खरे. "मग रक्तदाब मोजायला तरी कशाला आलात?" असे काहीसे बोलून गेले. काका शांतपणे म्हणाले, "हिने आणले म्हणून आलो." पक्षाघात, मूत्रपिंडे, हृदय यांविषयी मी जे सांगितले ते त्यांनी मान डोलवीत ऐकून घेतले आणि ते उठले. ते बाहेर गेल्यावर काकू दाराशी क्षणभर थांबल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "रात्री चारचार वेळा उठतात हो. मागच्या महिन्यात न्हाणीघरात तोल गेला, भिंत धरली म्हणून वाचले. आपण पडून राहिलो तर माझ्या गळ्यात पडू, या भीतीने गोळी सोडली. पांडुरंगाचे नाव नंतर आले."

मी त्यांना परत बोलावले. औषधांच्या पाकिटात लघवी वाढविणारी एक गोळी होती. ती सकाळी घ्यायची, असे चिठ्ठीत लिहिलेलेही होते. काका मात्र सगळ्या गोळ्या रात्रीच्या जेवणानंतर एकदमच घेत असत. विसर पडत नाही म्हणून. ती गोळी सकाळी घ्यायला सांगितले, झोपताना आणि उठून उभे राहिल्यावर अशा दोन्ही वेळचा रक्तदाब पाहिला, प्रोस्टेटची तपासणी करवून घेतली. तीन आठवड्यांनी काका रात्री एकदाच उठत होते आणि गोळ्याही घेत होते. पांडुरंगाशी असलेल्या त्यांच्या नात्यात तसूभरही उणे आलेले नव्हते.

त्या दिवसापासून मी एक पथ्य पाळते. कोणी ज्येष्ठ म्हणाले की "आता देवावर सोडले", तर वाद घालीत नाही; "कशामुळे सोडले?" एवढेच विचारते. आपल्या घरातही विचारून पाहावे. पुष्कळदा उत्तर देवापाशी नसतेच. गोळीने तोंड कडू होत असते, चक्कर येत असते, महिन्याचा औषधखर्च मुलाला सांगण्याचा संकोच असतो, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची धास्ती असते. कधी त्याहून खोल काही असते. शरणागती आणि खिन्नता बाहेरून सारख्याच दिसतात; दोन्हीत माणूस "माझे काय आता" असे म्हणतो. परंतु ज्याने खरोखर भार देवावर टाकला त्याला दोन घास गोड लागतात, झोप लागते, नातवाच्या निकालाची उत्सुकता असते. जो आतून खचला आहे त्याची भूक जाते, तो पहाटे तीनला जागा होतो, भजनाला जाणेही बंद करतो, माणसे टाळतो. असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर तो आजार समजावा आणि डॉक्टरांना दाखवावे. त्यावर उपचार आहेत. आणि घरातील कोणी "आता मला ने रे देवा" असे वारंवार म्हणू लागले, तर हसण्यावारी न नेता शेजारी बसून, जीव नकोसा झाला आहे का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत खरी नाही. उत्तर होकारार्थी आले तर त्यांना एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

आता काकांच्या त्या वाक्याकडे येते, कारण ते वाक्य चुकीचे नव्हते. अर्धे होते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडून येण्यास पाच कारणे सांगितली आहेत. पहिले अधिष्ठान, म्हणजे हा देह. दुसरा कर्ता. तिसरी करणे, म्हणजे इंद्रिये आणि साधने. चौथ्या नाना प्रकारच्या चेष्टा, म्हणजे हालचाली, प्रयत्न. आणि पाचवे दैव. हा क्रम मला एका वैद्याने लिहिल्यासारखा वाटतो. काकांचा रक्तदाब आटोक्यात राहायचा, तर ७४ वर्षांच्या रक्तवाहिन्या जशा आहेत तशा. गोळी घेण्याचे मनात आणणारे काका. गोळी, पाणी, चष्मा, रक्तदाब मोजण्याचे यंत्र. रोजचे चालणे आणि लोणच्याची बरणी दूर सारणे. आणि शेवटी ते, जे माझ्याही हातात नाही आणि त्यांच्याही. काकांनी पाचवे कारण तेवढे ठेवले आणि उरलेली चार सोडून दिली. पाचवे हे पाचवेच आहे. ते एकमेव आहे असे गीता म्हणत नाही.

दैव म्हटले की आपल्याला कपाळावरची रेषा आठवते. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात येथे निराळाच अर्थ दिला आहे: डोळ्यादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवता. रामानुजाचार्यांनी अंतर्यामी परमात्मा असा अर्थ घेतला. मला शंकराचार्यांचा अर्थ दवाखान्यात फार उपयोगी पडतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम झाली, नवे भिंग नीट बसले, पट्टी निघाली. तरी खोलीत अंधार असेल तर काही दिसणार नाही. उजेड डोळ्याच्या मालकीचा नाही. तो बाहेरून यावा लागतो, आणि येतो. मी जखमेला टाके घालते, पण कातडीला कातडी जुळते ती माझ्या सांगण्यावरून नव्हे. तीस वर्षे हे पाहत आले आहे आणि अजूनही टाके काढताना मला किंचित नवल वाटते. मात्र टाके न घालता, जखम न धुता, नुसती कृपेची वाट पाहत बसले तर काय होते, तेही मी पाहिले आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात लोकमान्यांचे गीतारहस्य असेल. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ गीतेचा कल संन्यासाकडे नसून ज्ञानयुक्त, भक्तिप्रधान कर्मयोगाकडे आहे, हे मांडतो. तो लिहिणारा माणूस मधुमेही होता, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात नसते. इन्सुलिनचा शोध लागायला तेव्हा आणखी दहा वर्षे होती. आहाराचे पथ्य हाच काय तो आधार होता, आणि लोकमान्यांनी तुरुंगात ते पाळले.

आमच्या सोसायटीत एक तमिळ आजी राहत असत. सगळे त्यांना मामी म्हणत. श्रीवैष्णव घराणे, वय ८१, दोन्ही गुडघे झिजलेले. काकांची गोष्ट मी त्यांना नाव न सांगता ऐकवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, शरणागतीला सहा अंगे आहेत. यांनी शेवटचे आधी कसे धरले?" मग त्यांनी बोटांवर मोजून दाखविले. देवाला अनुकूल असेल तेच करीन असा संकल्प. प्रतिकूल असेल ते टाकणे. तो रक्षण करील हा विश्वास. रक्षणकर्ता म्हणून त्यालाच वरणे. स्वतःला त्याच्या हाती सोपविणे. आणि आपल्या असमर्थतेची नम्र जाणीव. मी ऐकतच राहिले. पहिली दोन अंगे म्हणजे पथ्य आणि कुपथ्यवर्जनच की! आमच्या चिठ्ठीच्या खालच्या भागात आम्ही जे खरडतो, आणि जे कोणी वाचत नाही, तेच शरणागतीच्या दाराशी उभे आहे. मामी हसून म्हणाल्या, "मी सकाळी वीस वेळा खुर्चीवर बसून पाय सरळ करते ना, ते पहिले अंग."

ज्येष्ठ-आषाढातील प्रश्नांची उत्तरे याच दोन अंगांत येतात, म्हणून ती येथेच देऊन टाकते.

एकादशीचा उपवास मधुमेहात सरसकट वर्ज्य नाही. पण आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारल्याविना करू नये. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर सहसा धोकादायक रीतीने उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची उतरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या कडक उपवासात आणि शरीरातील पाणी कमी झालेले असताना त्रास देऊ शकतात. त्या दिवशी त्या घ्याव्यात की नाही, हे विचारून ठरवावे. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने पूर्णपणे बंद कधीच करू नये. आणि उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू असा बेत असेल, तर साखर उतरण्याऐवजी चढते, हेही सांगून ठेवते. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ अशी चिन्हे दिसली की साखर मोजावी. ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्रच जवळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. उपवास तेथेच सुटला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. कुशीवर वळवून थेट रुग्णालयात न्यावे.

वारीला पायी जाणाऱ्या मधुमेहींनी रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला वाकवत नसेल तर दिंडीतील सोबत्याला पाहायला सांगावे. संवेदना कमी झालेल्या पायाला फोड आलेला कळतच नाही. अनवाणी चालू नये. गोळ्या आणि चिठ्ठीची प्रत पावसात भिजणार नाही अशा पिशवीत, अंगावरच ठेवावी.

आणि ज्यांना मी "यंदा नको" असे सांगते त्यांचे तोंड उतरते. अशा वेळी मला सावता महाराजांचे स्मरण होते. सोलापूर जिल्ह्यातील अरणचा हा माळी आपला मळा सोडून पंढरीला गेला नाही, आणि विठ्ठलच त्याच्या भेटीला मळ्यात आला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. वाफ्याला पाणी देणे हीच त्याची वारी होती. हृदयाचे पंपिंग क्षीण झालेल्या एका आजींना हे सांगितले तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे मी कुंडीतल्या तुळशीला पाणी घालू, असंच ना?" मी म्हटले, "हो, आणि पाणी घालताना खुर्चीवर बसा."

हे सारे इतरांना सांगणारी मी; माझ्या घरात काय घडले तेही सांगायला हवे.

माझी आई माझ्याजवळच असे. ती ८२ वर्षांची असताना न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवून घ्यायची, हे माझ्या मनात आठ महिने होते. इतरांच्या घरी जाऊन मी ती बसवायला सांगत असे. आमच्याकडे सुतार आला होता, त्याने मापही घेतले होते. मग लग्नसराई आली, मग दवाखान्यात तापाची साथ आली. राहून गेले. आई पडल्यावर भेटायला येणारे म्हणत, "त्याच्या मनात असेल तसे होते", आणि मीही मान डोलवीत असे. तिसऱ्या दिवशी रुग्णालयातून रात्री घरी आले, न्हाणीघराचा दिवा लावला आणि त्या कोऱ्या भिंतीकडे पाहत उभी राहिले. देवाच्या मनात काय होते ते मला कळण्याजोगे नाही. माझ्या मनात काय होते आणि माझ्या हाताने काय केले नाही, ते मला नेमके ठाऊक होते. ईश्वरेच्छा हा शब्द मी आपल्या हलगर्जीपणावर पांघरूण म्हणून ओढला होता. त्यानंतर मी तो फार जपून वापरते.

आईने मला दोष दिला नाही. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने तिला वॉकर धरून उभे केले, तेव्हा ती वेदनेने कळवळली आणि मग पाऊल टाकता टाकता नाम घेऊ लागली. एका पावलाला एक नाम. अकरा झाली तेव्हा बसली. दुसऱ्या दिवशी पंधरा. "वेदना सहन होत नसेल तर थांबू या," असे मी म्हटले, तर म्हणाली, "पाय मी टाकते, उभे तो धरतो. तू मध्ये बोलू नकोस." दांडी मी त्याच आठवड्यात बसवून घेतली, एक शौचकुपाशेजारी, एक नळाशेजारी. न घसरणारी चटई घातली आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रीचे लहान दिवे लावले. आई त्यानंतर चार वर्षे आपल्या पायांनी चालली.

इथवर जे लिहिले ते प्रयत्न सोडणाऱ्यांसाठी झाले. परंतु या स्तंभाच्या वाचकांत रुग्णाची सेवा करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची चूक नेमकी उलट असते. ते पाचवे कारण विसरतात.

एक वहिनी, वय ५६. सासूबाईंना पक्षाघात होऊन तीन वर्षे झालेली. उजवी बाजू गेलेली, वाचा जवळजवळ गेलेली. वहिनींनी या तीन वर्षांत एकही रात्र सलग झोप घेतली नव्हती. दर दोन तासांनी गजर लावून सासूबाईंची कूस बदलायची, असा नेम. नेम चांगला, मीच सांगितला होता. तरीही माकडहाडापाशी एक लहानशी जखम झाली. त्या दिवशी वहिनी दवाखान्यात येऊन ढसाढसा रडल्या. "माझ्याकडून कुठे कमी पडले ते सांगा. मी एक दिवस जरी नसले तर त्यांचे काय होईल?" त्यांचा रक्तदाब मोजला. १८०/११०. सासूबाईंचा १३०/८० होता.

ज्या ठिकाणी गीतेने पाच कारणे सांगितली आहेत, त्याच्या थोडे पुढेच असे म्हटले आहे, की इतके असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. हे वचन आपण अहंकारी माणसासाठी राखून ठेवतो. सत्ताधीश, धनिक वगैरे. मला मात्र ते तीन वर्षे न झोपलेल्या सुनेसाठी लिहिले आहे असे वाटू लागले. तिच्यात अहंकाराचा लवलेश नाही, तरी सारे विश्व आपल्या एका खांद्यावर आहे असे तिला वाटते, आणि म्हणून जखम झाली की तो केवळ तिचा अपराध ठरतो. देह ८० वर्षांचा, अशक्त, रक्तपुरवठा मंद. ही पहिली बाजू तिने निर्माण केलेली नाही. अन्नातील प्रथिने, गादी, घरातील माणसे ही करणे. ती वाढवता येतात. मी वहिनींना हे याच शब्दांत सांगितले आणि कागद पुढे ओढला.

हवेच्या कप्प्यांची गादी भाड्याने आणायची. सासूबाई दूध-भात खात. त्यांच्या आहारात मऊ वरण, दही, अंडे चालत असेल तर अंडे वाढवायचे. त्यांना गिळताना ठसका लागत असे, म्हणून भरवताना त्यांना टेकू देऊन ताठ बसवायचे. टाचांखाली उशी अशी ठेवायची, की टाच अधांतरी राहील. लालसर डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर ती जखमेची पहिली पायरी. त्यावर चोळायचे नाही, मधे भोक असलेली रबरी चकती वापरायची नाही. गादी आल्यावर, अंगावर नवी लाली उमटत नाही असे पाहून, काहींच्या बाबतीत रात्रीचे अंतर थोडे वाढवता येते. ते नर्सने घरी येऊन ठरवले. जखमेचे ड्रेसिंगही तिनेच शिकवले. आणि कागदाच्या शेवटी मी लिहिले: रात्रीची एक पाळी दुसऱ्या कोणाची.

वहिनी म्हणाल्या, "ह्यांना जमणार नाही. ह्यांनी कधी केलेले नाही." मी म्हटले, "तुम्हीही तीन वर्षांपूर्वी कधी केलेले नव्हते." त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू केली. ती घेणार म्हणून मात्र त्यांनी देवाची शपथ घातली, न मागता.

जाता जाता त्यांनी जे विचारले ते मला औषधांपेक्षा कठीण गेले. "सासूबाई पूर्वी रोज विष्णुसहस्रनाम म्हणायच्या. आता एक अक्षर आठवत नाही. देवाचा फोटो दाखवला तरी ओळख पटत नाही. मग त्यांचे काय, डॉक्टर? त्यांना तर शरण जाणेही जमणार नाही."

मी मामींनी सांगितलेली दुसरी गोष्ट त्यांना सांगितली. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत शतकानुशतके एक वाद चालत आला आहे. वडकलै पंथाचे म्हणणे, जीवाने माकडिणीच्या पिलासारखे आईला घट्ट धरावे. थोडा तरी प्रयत्न पिलाचा हवा. तेंकलै पंथाचे म्हणणे, जीव मांजरीच्या पिलासारखा. आईच मानगुटीला धरून उचलते, पिलाने काही धरायचे नसते. एका बाजूला वेदान्त देशिकांची परंपरा, दुसऱ्या बाजूला पिळ्ळै लोकाचार्यांची. मामी स्वतः वडकलै घरातल्या, धरणाऱ्या पक्षाच्या. पण त्यांच्या यजमानांना शेवटी स्मृतिभ्रंश झाला होता आणि त्या वर्षांविषयी बोलताना त्या म्हणाल्या होत्या, "हात चालतात तोवर माणसाने माकडीचे पिलू असावे. हात सुटले की मांजरीचे. ते आपोआप होते; आपण ठरवायचे नसते."

वहिनी काही बोलल्या नाहीत. पर्समधून रुमाल काढला, चिठ्ठी घडी करून आत ठेवली आणि गादीच्या दुकानाचा पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला.

बाराव्या दिवशी त्यांचा दूरध्वनी आला. "काल साडेदहाला झोपले ती एकदम पहाटे चारला उठले. मध्ये ह्यांनी कूस बदलली. एकदा उशीर झाला म्हणे, घाबरत घाबरत सांगितले मला. सकाळी मी लगेच पाठ बघितली." त्या थोडे थांबल्या. "जखमेची कड गुलाबी दिसतेय. नर्स म्हणाली, भरतेय."